सेकंडहँड स्पोर्टी गाडी घ्यायचीय? आधी तिचा मिस्त्री शोध

पत्र: काका, मी अंबाजोगाईचा, वय २७, सध्या वाळूज एमआयडीसीत नोकरीला. घरात आजवर चारचाकी आली नाही, वडिलांची शेती न् एक जुनी मोटारसायकल एवढंच. चालवायला मामाच्या बोलेरोवर शिकलो. मला लहानपणापासून स्पोर्ट्स कारचं वेड आहे. बजेट सात लाख, त्यातले पाच साठवलेले आणि दोन लोन. तीन गाड्या बघितल्यात. पुण्यातली २०१५ ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय ऑटोमॅटिक ४ लाख ४० हजार, २०१६ ची फियाटची अबार्थ पुंटो ५ लाख, आणि इथंच संभाजीनगरात २०१० ची मर्सिडीज ६ लाख. पोलोचा डीलर म्हणायलाय रविवारपर्यंत पंचवीस हजार टोकन दे, नाहीतर गाडी जाईल. वडील म्हणायलेत दुसऱ्याचं दुखणं कामून घरात आणायलास, नवी स्विफ्ट घे. तुम्हीच सांगा, भरवशाची कोणती? – एक वाचक

बाळा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं की सरळ लिहावं, वडिलांचं ऐक, विषय संपला. पण मग तू लिहिलेलं ते लहानपणापासूनचं वेड डोक्यातून जाईना, कारण मी पण त्याच वयात तसाच होतो आणि तेव्हा मला नीट सांगणारं कुणी भेटलं नाही. त्यामुळं घेऊ नको असं मी म्हणणार नाही. घे, पण मी सांगतो त्या क्रमानं घे.

तू विचारलंस भरवशाची कोणती. मी तुला उलटा प्रश्न विचारतो, ही गाडी केजच्या पुढं रात्री नऊ वाजता बंद पडली तर तू कुणाला फोन करणार? नाव सांग. नंबर आहे का तुझ्याकडं? दहा वर्षं जुनी टर्बो गाडी, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबून ताकद काढणारी, म्हटल्यावर ती कधी ना कधी काम काढणारच, कुठल्याही कंपनीची असो. मग भरवसा कशाचा धरायचा, तर ती उघडून नीट जोडणारा माणूस तुझ्यापासून किती किलोमीटरवर बसलाय आणि पार्ट किती दिवसात येतो त्याचा. पुण्या-मुंबईच्या माणसाला हा प्रश्न पडत नाही, त्याला गल्लीत चार गॅरेज असतात, पण अंबाजोगाई-बीड-संभाजीनगर पट्ट्यात गाडी ठेवणाऱ्यानं हाच प्रश्न पहिला विचारायला पाहिजे.

हे मी भोगलेलं आहे म्हणून सांगायलो. वीसेक वर्षांपूर्वी मी एक जुनी टर्बो सेडान घेतली होती, रंग बघून, आवाज ऐकून, आणि भाव कमी म्हणून. सहा महिने राजासारखा फिरलो. मग एका संध्याकाळी मांजरसुंब्याच्या घाटात गिअरबॉक्सनं मान टाकली. बीडला कुणी हात लावेना, टेम्पोवर चढवून संभाजीनगरला आणली, तिथं म्हणले पार्ट बाहेरून मागवावा लागेल, आणि गाडी साडेतीन महिने गॅरेजच्या शेडमध्ये उभी राहिली. तोपर्यंत हप्ते चालूच. घरी लग्न होतं, लग्नाला मी एसटीनं गेलो. पैशापेक्षा ते जास्त लागलं मनाला. तुझ्यावर ती वेळ येऊ नये एवढ्यासाठी हे सगळं लिहायलो.

आता तुझ्या तीन गाड्या.

मर्सिडीज आधी बाजूला काढतो. आपल्या शहराला मर्सिडीजचं कौतुक आहे आणि का आहे ते पण माहितीय, ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या मंडळींनी एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, साधारण ६५ कोटींचा सौदा, देशभर बातमी झाली होती. तू बघितलेली त्यातलीच आहे का ते मी सांगू शकत नाही, पण साल तेच आहे, म्हणजे तिची पंधरा वर्षांची नोंदणी संपलेली किंवा संपत आलेली. पुढं चालवायची तर फिटनेस करून आरसी रिन्यू करावी लागते, पाच वर्षांसाठी, त्याची फी वेगळी आणि पर्यावरण कर वेगळा. हे सगळं भरून झालं तरी खरी गोष्ट राहतेच, की गाडीचा भाव चाळीस लाखावरून सहावर उतरलेला असतो पण तिच्या पार्टचा भाव उतरत नाही. एक सस्पेन्शनचं काम, एखादं कंट्रोल युनिट, की तुझा दोन-तीन महिन्यांचा पगार गेला. पहिल्या गाडीसाठी नको. चाळिशीत घे, तेव्हा मी स्वतः सोबत येईन बघायला.

अबार्थ पुंटोवर माझा जीव आहे, खरं सांगतो. १.४ लिटरचं टी-जेट इंजिन, १४७ पीएस ताकद, २१२ न्यूटन मीटर टॉर्क, चारी चाकांना डिस्क ब्रेक, आणि रांजणगावात बनलेली म्हणजे आपल्या महाराष्ट्राचीच. स्टिअरिंग हातात घेतलं की कळतं की गाडी चालवायलोय, व्हिडिओ गेम खेळत नाही. पण फियाटनं बीएस-सिक्स हा प्रदूषणाचा नवा नियम यायच्या आधीच भारतातल्या आपल्या कार बंद केल्या. फियाटचं १.३ डिझेल इंजिन मारुतीनं स्विफ्ट-डिझायरमध्ये लाखोंनी विकलं, त्याचे पार्ट गेवराईत पण मिळतील, पण हे पेट्रोल टी-जेट वेगळं, ते फार थोड्या गाड्यांत आलं. टायमिंग बेल्टवालं इंजिन आहे, बेल्ट वेळेवर बदलला नाही न् तुटला तर आत व्हॉल्व वाकतात, इंजिन उघडायला लागतं. बदलल्याची पावती नसली तर बदललाच नाही असं धरून चालायचं. ज्याच्याकडं दुसरी रोजची गाडी आहे आणि जो पार्ट गोळा करून ठेवायची हौस ठेवतो त्याच्यासाठी अबार्थ सोनं आहे. तुझी ही एकुलती एक गाडी असणार, म्हणून मन घट्ट करून नाही म्हणतो.

राहिली पोलो, आणि इथं जरा सावकाश वाच.

जीटी टीएसआय २०१३ ला आली, १.२ लिटर टर्बो पेट्रोल, १०५ पीएस, आणि सात गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक. चालवायला इतकी गोड की माणूस टेस्ट ड्राइव्हलाच फसतो. अडचण त्या डीएसजीची आहे. त्याच्यात दोन क्लच असतात आणि ते कोरडे, म्हणजे थंड ठेवायला तेलाची आंघोळ नाही. हायवेला काही होत नाही. पण रोज ट्रॅफिकमध्ये इंच-इंच सरकवत नेली की क्लच तापतात, झिजतात, आणि वरचं मेकाट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअरबॉक्सचा मेंदू म्हण, ते पण मरतं. हे मी सांगोवांगी बोलत नाही, चीनमध्ये २०१३ साली फोक्सवॅगनला डीएसजीच्या तक्रारींमुळं पावणेचार लाखांहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. आणि तू बघितलेली गाडी कुठली? पुण्यातली. दहा वर्षं हिंजवडी-वाकडच्या गर्दीत सरकलेली असू शकते. क्लच आणि मेकाट्रॉनिक दोन्ही निघाले तर बिल लाखाच्या वर जातं, ४ लाख ४० हजाराची गाडी कितीला पडली मग?

एक गोष्ट मात्र तुझ्या बाजूची आहे. शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना, २००१ पासून तिथं ऑक्टाव्हिया जोडायला लागले, आणि स्कोडा-फोक्सवॅगन एकाच घरातल्या, इंजिन-गिअरबॉक्स बरेचसे तेच. त्यामुळं संभाजीनगरात या गाड्यांवर हात बसलेले मिस्त्री सापडतात, लॅपटॉप लावून फॉल्ट वाचणारे. म्हणजे माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर या घराण्याच्या गाड्यांसाठी तुला शहरातच मिळू शकतं. म्हणून पोलो घे, पण ही नको, हिची धाकटी बहीण बघ. २०२० मध्ये पोलोला १.० लिटरचं टीएसआय इंजिन आलं, ११० पीएस, सोबत सहा गिअरचा मॅन्युअल किंवा साधा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक, तो कोरड्या क्लचचा डीएसजी गेला. २०२२ ला पोलो बंद झाली, पण हेच इंजिन स्कोडा-फोक्सवॅगनच्याच कुशाक, टायगुन, स्लाव्हिया, व्हर्टसमध्ये लागलं, म्हणजे इंजिनचे पार्ट पुढची बरीच वर्षं मिळणार. मॅन्युअलच घे. तुला चालवायचा नाद आहे ना, मग डावा पाय कामाला लागू दे.

आणि तिच्यासोबत मारुतीची बलेनो आरएस पण शोध. लोक विसरले तिला. २०१७ ते २०२० विकली, १.० लिटरचं बूस्टरजेट टर्बो, १०२ पीएस, पाच गिअर मॅन्युअल, मागं पण डिस्क ब्रेक. बाहेरून साधी बलेनो दिसते, गावात कुणी वळून बघणार नाही, पण मांजरसुंब्याचा घाट चढताना तुला कळेल काय घेतलंय ते. बूस्टरजेट पुढं मारुतीच्याच फ्रॉन्क्समध्ये पण आलं. आणि मारुतीचं वर्कशॉप आपल्याकडं कुठं नाही? माणूस चालत जाईल. माझं मन विचारशील तर तुझ्या हिशोबात हीच माझी पहिली पसंती आहे, पोलोच्या पण आधी. स्पोर्ट्स कार म्हणजे दोन दरवाज्याचीच पाहिजे असं काही नाही. हलकी, टर्बो, मॅन्युअल, एवढं जमलं की मजा येते.

वडिलांच्या स्विफ्टला पण नाकं मुरडू नको. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, नव्या गाड्या स्वस्त झाल्या, त्यामुळं जुन्यांचे भाव पण खाली यायला पाहिजेत. डीलर जुन्याच भावात अडून बसला तर हे त्याला तोंडावर सांग. सौद्यात कामाला येतं.

आता बघायला जाशील तेव्हा. वडिलांना सोबत ने. हसू नको, मनापासून सांगायलो. त्यांनी हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैल बघितले असतील, तर त्यांना जे येतं ते तुला येत नाही. बैल घेताना ते काय करतात? दात बघतात, चालवून बघतात, विकणारा काय बोलतो त्यापेक्षा काय लपवतो ते बघतात. गाडीचं तेच आहे. जायच्या आधी डीलरला वेळ सांग, आणि हेही सांग की गाडी चालू करून ठेवू नको. गेल्या गेल्या बोनेटवर हात ठेव. गरम लागलं तर विचार की का तापवली, कारण थंड गाडीच खरं बोलते. पहिल्या स्टार्टला खडखड, मागून निळा धूर, हे तेव्हाच दिसतं, निळा धूर म्हणजे इंजिन तेल जाळायलंय, टर्बो गाडीत तर लईच जपून. मग एक तास चालव, दोन किलोमीटरच्या चकरीवर समाधान मानू नको. एसी फुल लावून, खराब रस्त्यावरून, उड्डाणपुलाच्या चढावरून. मॅन्युअल असेल तर चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या स्पीडला पाय पूर्ण दाब, आरपीएम वर पळाला न् गाडी तिथंच राहिली तर क्लच गेलेला. आणि विचार की गाडी रिमॅप केलीय का, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदललंय का, स्टेज वन वगैरे म्हणतात ते. हौशी पोरं करतात, ताकद वाढते, क्लच-टर्बोचं आयुष्य घटतं, आणि विकताना कुणी सांगत नाही.

मीटरवर विश्वास ठेवू नको. ४५ हजार किलोमीटर दाखवलं आणि ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंग चकाकतंय, ड्रायव्हर सीटची कड बसलीय, तर ते पंचेचाळीस नाहीत. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर देऊन आधीच्या सर्व्हिसचे किलोमीटर विचार, मालक सोबत असला तर सांगतात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, ३२१९ असं, म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. टायरला खाचा कितीही खोल दिसू दे, सहा-सात वर्षं झाले की बदलायचे. तू एक ना एक दिवस जालन्याहून समृद्धीवर गाडी घालणार हे मला ठाऊक आहे, तिथं १२० ची मर्यादा, मे महिन्यात काँक्रीट तव्यासारखं तापलेलं, आणि जुना टायर तिथंच फुटतो.

पुराची गाडी ओळखायला शिक. सप्टेंबर २०२५ ला आपल्याकडं धाराशिव-बीडमध्ये काय झालं ते तू बघितलंस, अशा पाण्यातून निघालेल्या गाड्या धुऊन पुसून बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढ, आतल्या टोकाला गाळाची रेघ दिसते, ती कुणी धूत नाही. स्टेपनी काढून खालचा खड्डा बघ, सीटखालचे नट-बोल्ट गंजलेत का बघ, काचा लावून पाच मिनिटं बस आणि वास घे.

कागदाचं. तुझ्या वडिलांना सातबारा वाचता येतो ना, आरसी तशीच वाचायची. सातबाऱ्यावर बँकेचा बोजा असतो तसा आरसीवर हायपोथिकेशन असतं. असलं तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की कितवा मालक, नोंदणी कधीची, इन्शुरन्स-पीयूसी कधीपर्यंत, सगळं दिसतं, चलन किती थकलेत ते पण बघून घे. एमएच-१२ ची गाडी तू एमएच-२० किंवा अंबाजोगाईच्या एमएच-४४ ला आणणार, तर पुण्याच्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८, लागते, आणि नाव बदलायला २९ आणि ३०. कुणी दिल्ली पासिंगची गाडी स्वस्तात दाखवली तर विचार कर की ती स्वस्त का, तिथं डिझेलला दहा न् पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा घातलेली, म्हणून त्या गाड्या आपल्याकडं सरकतात, आणि इथला रोड टॅक्स तुलाच भरावा लागतो. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असली तर नवी एचएसआरपी, म्हणजे सक्तीची केलेली जास्त सुरक्षेची नंबर प्लेट, बसवलीय का तेही बघ.

इन्शुरन्सच्या कागदावर एक जागा आहे जी फार कमी लोक बघतात, एनसीबी, म्हणजे नो क्लेम बोनस, हप्त्यातली सूट. क्लेम घेतला नाही की दरवर्षी वाढत जातं, २०, २५, ३५, ४५, ५० टक्के. मालक म्हणला की गाडीला कधी ओरखडा नाही आणि पॉलिसीवर एनसीबी शून्य, तर बहुतेक आधीच्या वर्षी क्लेम झालाय, कशाचा ते विचारायचं. आणि गाडी नावावर झाली की १४ दिवसांच्या आत पॉलिसी पण आपल्या नावावर कर. लोक इथं आळस करतात, मग स्वतःच्या गाडीचा क्लेम अडकतो.

पैशाचं माझं सरळ म्हणणं आहे, सात लाख आहेत तर गाडी सव्वापाच-साडेपाचची बघ. उरलेल्यातून नाव बदलणं, इन्शुरन्स, चार टायर, बॅटरी, सगळी तेलं, कूलंट, ब्रेक फ्लुइड, आणि त्याच्यावर लाखभर रुपये पहिल्या वर्षासाठी बँकेत तसेच पडून राहू दे. या हिशोबानं लोन लागणारच, पण ते दोन लाखाच्या वर जाऊ देऊ नको. जुन्या गाडीच्या लोनचा व्याजदर नव्यापेक्षा जास्त असतो, त्यामुळं जेवढं कमी घेशील तेवढं बरं.

आणि एक काळजीपोटी सांगतो. तू शिकलास बोलेरोवर. टर्बो पेट्रोल हलकी गाडी वेगळी वागते, दोन हजार आरपीएमपर्यंत गप असते आणि मग एकदम ढकलते. नोव्हेंबर ते मार्च आपल्या रस्त्यांवर उसाच्या डबल ट्रॉल्या चालतात, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि तू नव्वदनं येणार. पहिले दोन महिने नेकनूर-केज रस्ता रात्री टाळ. आईला रात्री नाही, सकाळी पोचतो म्हणून सांग, पण उजेडात जा.

आता त्या टोकनचं. रविवारची मुदत डीलरची आहे, तुझी नाही. २०१५ ची पोलो या रविवारी गेली तर पुढच्या आठवड्यात दुसरी येईल, पुण्याच्या बाजारात तोटा नाही. तरीही ती सोडवत नसली, तर शनिवारी सकाळी शहरातल्या डीएसजी जाणणाऱ्या मिस्त्रीला गाठ, एक दिवसाची मजुरी आणि जाण्यायेण्याचा खर्च दे आणि पुण्याला सोबत घेऊन जा. स्कॅनर लावून क्लचची झीज आणि गिअरबॉक्सचे जुने फॉल्ट त्याला वाचता येतात. चढावर थांबवून रिव्हर्स टाकायला लाव, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये धक्का देते का बघू दे. त्यानं हो म्हटलं तरच टोकन, ते पण रोख नाही, बँकेतून, आणि पावतीवर गाडीचा नंबर, चेसिस नंबर, आणि कागदात खोट निघाली तर पैसे परत हे वाक्य लिहून घेऊन. डीलर लिहून द्यायला नाही म्हणला तर आल्या वाटेनं परत ये, येताना नगरला चहा प्या दोघं, आणि सोमवारपासून बलेनो आरएस शोधायला लाग.